इंचभर शिपायांचा हंगाम

आज सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढायला गेले, तर पांढऱ्या चादरीवर काळे बारीक तुकडे पडलेले होते. हाताने झटकले की ते चुरडतात आणि लांबलचक रेघ उठते, म्हणून त्यांच्यावर फुंकर मारायची असते. हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. चादरी घेऊन खाली आले तेव्हा त्या मेथी निवडत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "चालू झाला वाटतं कारखाना." मी म्हटलं, "हो." आणि त्यांच्यासमोर बसले.

आमच्या सणसरच्या बाजूला वर्षाचे दोनच भाग पडतात. कारखाना चालू आणि कारखाना बंद. चालू झाला की चिमणीतून जळक्या चिपाडाची राख उडते आणि वारा नेईल तिकडे पडत राहते. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात, त्यांच्यामागे सगळी वाहनं मुंगीच्या चालीने सरकतात. हवेत एक आंबूस-गोड वास भरून राहतो. पाहुण्यांना तो पहिल्या दिवशी सहन होत नाही आणि आठवड्यानंतर येईनासा होतो. कारखाना बंद होतो तेव्हा हे सगळं एकाएकी थांबतं आणि काही दिवस गावाला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

चादरीची घडी घालताना मला मागचा हंगाम आठवला. आठवला म्हणजे मन भरून वगैरे आलं नाही. एखाद्या खोलीत दिवा लावावा आणि आतल्या वस्तू दिसाव्यात, तसा तो दिसला. टेबल, त्यावरचं वर्तमानपत्र, रंगांच्या छोट्या बाटल्या, आणि रांगेत उभे असलेले अंगठ्याच्या पेऱ्याएवढे प्लास्टिकचे शिपाई.

मी दातांची डॉक्टर. बारामतीत माझा दवाखाना आहे. मिलिंद, माझा नवरा, तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशिनरी बघतो. आम्ही बारामतीत राहायचो आणि सासूबाई इथे सणसरला, घर आणि थोडी शेती सांभाळून. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग पावसाळाभर पुण्याला केमोच्या खेपा. दिवाळीच्या तोंडावर शेवटचं सलाईन संपलं तेव्हा सासूबाईंचा फोन आला. "तिला घिऊन हिकडं या," त्या मिलिंदला म्हणाल्या. "हितं ऊन हाय, वारं हाय, आन् तोंडासमोर येऊन खोकणारी माणसं कमी हायती."

आम्ही आलो. माझी औषधं थांबायला आणि कारखाना सुरू व्हायला एकच गाठ पडली.

केस गेलेच होते, त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण शेवटच्या महिन्यात माझी बोटं गेली. गेली म्हणजे जागेवरच होती. हलायची, वाकायची, मूठ वळायची. फक्त त्यांना काही कळत नव्हतं. ब्लाउजचा हूक लागला की नाही ते आरशात बघावं लागे. पुस्तकाचं एक पान उलटलं की दोन, ते पुढचं वाक्य जुळेना तेव्हा समजे. पेला हातात आहे असं वाटत असताना तो खाली वाजायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की या औषधाने असं होतं, नसा दुखावतात. परत येईल का विचारलं तर म्हणाले, "बहुतेकांचं येतं. काहींचं पूर्ण येत नाही. आत्ता सांगता येणार नाही."

आमचं काम बोटांचं. दातावरून सुईसारखं अवजार फिरवताना किडलेल्या जागी त्याचं टोक किंचित अडकतं. ते अडकणं डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. दाताच्या मुळातली नस साफ करताना तर सगळा कारभार अंधारात असतो, तिथे बोटं सांगतील ती दिशा. डॉक्टर हे सगळं जाणून होते, म्हणूनच बहुधा त्यांनी माझ्याकडे न बघता फाईल मिटली. दवाखाना तेव्हा माझी सहायक डॉक्टर तेजस्विनी चालवत होती. ती रोज फोन करायची. "मॅडम, तुमचे पेशंट तुमची वाट बघतायत," म्हणायची. मी "बरं" म्हणायचे.

बोटांना बारीक कामं द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासूबाईंनी एका ताटात मोहरी आणि तांदूळ मिसळून माझ्यापुढे ठेवले. मी निवडायचे. निवडून झालं की त्या वाट्या उचलून न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत मिसळून आणायच्या. मी परत निवडायचे. राग नाही, कंटाळा नाही. ऊन सरकेल तशी मी खुर्ची सरकवायचे आणि ताट संपवायचे. मिलिंद कामावरून आला की दारात उभा राहून क्षणभर बघायचा आणि आत जायचा.

एका रविवारी त्याने ते ताट माझ्यासमोरून उचललं आणि बारामतीहून आणलेली एक पेटी टेबलावर ठेवली.

ही पेटी मला माहीत होती. मिलिंद इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहातल्या मित्राने त्याला हा नाद लावला. प्लास्टिकच्या चौकटीत सुटे हातपाय, डोकी, ढाली असतात. ते कापून काढायचे, चिकटवायचे, रंगवायचे. अशी एक फौज उभी केली की टेबलावर डोंगर-नदी मांडून दुसऱ्याच्या फौजेशी लढाई खेळायची, फासे टाकून आणि टेपने अंतर मोजून. लग्नानंतर मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूप हसले होते. चांगला दाढीमिशांचा माणूस नाकावर भिंग लावून बाहुलीच्या पट्ट्याला रंग देतोय! माझं आजारपण निघालं त्या आठवड्यात त्याने सगळं आवरून पेटी कपाटावर टाकली होती.

"हे जोडून दे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"भालेवाले. अख्खी तुकडी राहिलीये करायची."

"मला नाही जमणार. बोटात धरलेलं कळत नाही मला."

"म्हणूनच," तो म्हणाला. मग त्याने चौकटीतून एक हात कापून दाखवला. "बघ, साचा जिथे जुळतो तिथे ही बारीक रेघ राहते. ती खरवडायची. तू कवळ्या घासतेस की, तसंच."

ते खरंच तसंच होतं. नव्या कवळीच्या कडेला उरलेलं ॲक्रिलिक मी वर्षानुवर्षं घासत आले होते. मी ब्लेड घेतलं आणि तो राखाडी हात खरवडायला लागले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. बाहेर ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. सासूबाई उंबऱ्यात शेंगा फोडत होत्या. बरं वाटलं का? बरंही नाही, वाईटही नाही. समोर एक वस्तू होती आणि ती संपली की दुसरी.

"वैशाली! अगं रगत!"

सासूबाई ओरडल्या तेव्हा मी खाली बघितलं. तर्जनीच्या पोटाला ब्लेड लागलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. शिपायाचा हात लाल झाला होता, वर्तमानपत्रावर लाल डाग पसरत होता आणि मी खरवडतच होते. इंजेक्शन दिल्यावर मी पेशंटला हमखास सांगायचे की ओठ जड आहे तोवर काही खाऊ नका, चावला जाईल आणि कळणार नाही. एक बाई तरीही सफरचंद खाऊन, रक्ताळलेल्या ओठानिशी हसत परत आली होती. मला ती आठवली. बोट दुसऱ्याच कुणाचं असावं तसं मी बघत राहिले.

सासूबाईंनी पदराने बोट दाबून धरलं आणि मिलिंदला जे बोलल्या ते आमच्या लग्नानंतर मी कधी ऐकलं नव्हतं. "आक्कल हाय का तुला? मरणातनं उठून आलेली बाई, आन् तिच्या हातात ब्लेड देतो? तुज्या बाहुल्या घाल चुलीत!" मिलिंदने जखम धुतली, पट्टी बांधली, पेटी भरली आणि कपाटावर ठेवून दिली. केमोमुळे मला तेव्हा जंतुसंसर्गाचा धोका होता, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस घरात सगळे माझ्या बोटाकडे बघत होते. ताप आला नाही. मोहरीचं ताट परत आलं.

मग एका दुपारी सासूबाई स्टुलावर चढल्या. मी म्हटलं, "आई, काय करताय? पडाल." त्यांनी पेटी काढून टेबलावर ठेवली, पदर खोचला, माझ्या शेजारची खुर्ची ओढली.

"काढ," म्हणाल्या. "तुजी बोटं मी बगते. तू बाहुल्या बग."

तेव्हापासून आमची बसायची वेळ ठरून गेली. जेवणं झाली, भांडी झाली की दोघी टेबलाशी. मी ब्लेड उचललं की त्यांची नजर माझ्या बोटांवर खिळायची. एरवी दिवसभर बोलणाऱ्या त्या, पण तेव्हा शब्द नाही. मधेच नुसतं "हं!" म्हणायच्या, की मी थांबायचे. पातं अंगठ्याच्या फार जवळ गेलेलं असायचं. चिकटवताना एकदा माझं बोट शिपायाच्या पाठीला चिकटलं. मला कळलं नाही, मी हात उचलला तर तोही सोबत आला. त्यावर मात्र त्या मनापासून हसल्या. "आता ह्याला घिऊन फिर गावात," म्हणाल्या आणि गोडं तेल लावून हळूहळू सोडवत बसल्या.

सासूबाईंसारख्या शेतकरी बाईला त्या फौजेचं काय वाटत होतं कोण जाणे. सुरुवातीला त्यांनी एकदा विचारलं, "ही लढणार कुणाशी?"

"दुसऱ्या टेबलावरच्यांशी."

"भांडान कशाचं?"

"भांडण काही नाही आई. खेळ आहे."

"मंग बरं," म्हणाल्या, आणि पुढचा शिपाई माझ्याकडे सरकवला.

जोडून झाल्यावर रंग धरायला आधी एक अस्तर मारावं लागतं, ते फवाऱ्याने. मिलिंदने एका सकाळी सगळी तुकडी गच्चीवर पुठ्ठ्यावर मांडली आणि फवारा मारून वाळायला ठेवली. आम्ही खाली चहा पीत होतो. वर गेलो तर वारा फिरला होता. ओल्या अस्तरावर कारखान्याची राख येऊन बसली होती. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या शिरस्त्राणावर, कुणाच्या तोंडावर. मिलिंदने एकावर नख घासून बघितलं. "सगळी खडबडीत झाली. आता हे निघणार नाही."

सासूबाईंनी एकाला उचलून उन्हात धरलं. "ऱ्हाऊ दे की. लढाया निघालेत का लग्नाला?"

तशीच ठेवली आम्ही. पुढे त्या खडबडीत जागी पातळ तपकिरी रंग सोडला की तो कणांच्या मधे उतरायचा आणि माणूस खरोखरच दूरच्या वाटेनं आल्यासारखा दिसायचा. मिलिंदच्या जुन्या, तुळतुळीत शिपायांशेजारी माझे मळलेले वाटत. पायाखालच्या चकत्यांवर टाकायला माती हवी म्हटल्यावर सासूबाईंनी रानातली काळी माती आणली आणि चहाच्या नव्या गाळणीतून चाळली. गाळणी वाया गेली म्हणून मागाहून स्वतःलाच बोल लावत होत्या.

रंगवणं हे जोडण्यापेक्षा अवघड निघालं. ब्रश बोटात किती घट्ट धरलाय ते मला कळायचं नाही, टोक किती दाबलं तेही नाही. रंग भलतीकडे जाई. मग माझ्या ध्यानात आलं की ब्रशचे केस किती वाकतात ते बघत राहिलं तर दाब समजतो. थोडे वाकले म्हणजे हलका हात. पसरले म्हणजे जास्त झालं. बोटांकडून बातमी येत नव्हती, तेव्हा मी डोळ्यांनी ती मिळवायला लागले. मिलिंदचा वाकत्या मानेचा दिवा आणि भिंग मी पूर्णच ताब्यात घेतलं. हे फार मोठं काही उमगलं असं नव्हे. रोज थोडं थोडं करताना हाताला वळण पडत गेलं, इतकंच.

त्या दिवसांतलं खरं सांगायचं तर मला कशाचंच काही वाटत नव्हतं. माणसं भेटायला यायची. सासूबाईंबरोबर विहारात जाणाऱ्या बायका यायच्या, खण-नारळाच्या ऐवजी कुणी अंडी आणायचं, कुणी घरचं तूप. माझ्या डोक्यावर नव्याने उगवलेले इवलेसे केस बघून एकजण डोळे पुसत गेली. मी त्यांना चहा विचारायचे, हसायचे. हसू वेळेवर यायचं. आत मात्र काही हलत नव्हतं. हे घाबरण्यासारखं आहे असं मला वाटायचं, पण घाबरणंही यायचं नाही.

संक्रांतीनंतर तपासण्या झाल्या. रिपोर्ट मिलिंद बारामतीतून आणणार होता. तो नेहमीच्या वेळेआधीच आला. गाडी आडवीतिडवी लावून, चपला न काढता, थेट आत. मी शिपायांचे कमरपट्टे रंगवत होते.

"काही नाही," तो म्हणाला. "कुठेही काही नाही. सगळं स्वच्छ आहे."

आणि तो स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडायला लागला. दोन्ही हातांनी तोंड झाकून, लहान मूल रडतं तसा, आवाज करत. सासूबाईंनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले आणि त्याच्याजवळ जाऊन बसल्या. त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मी ब्रश हातात धरून उभी होते. त्याच्याकडे जायला हवं हे मला समजत होतं. मी गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या तळव्याला त्याच्या शर्टाचं कापड जाणवलं नाही. थोड्या वेळाने तो तोंड धुवायला गेला. मी टेबलाशी आले आणि राहिलेला पट्टा पूर्ण केला.

सासूबाई येऊन बसल्या. माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाल्या, "रडू येत न्हाय व्हय?"

"नाही."

"हसू?"

"तेही नाही."

त्यांनी माझ्या हातून सुटलेला ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, परत दिला.

"ह्यांचं झालं तवा मला बी आलं न्हवतं," त्या म्हणाल्या. सासरे कारखान्यात बॉयलरवर होते. मिलिंद दहावीत असताना हृदयविकाराने गेले. एवढंच मला माहीत होतं, त्यापुढचं त्या कधी बोलल्या नव्हत्या. "बाया म्हणायच्या, रड बाई, मोकळी हो. मला येईचना. म्हस वरडत हुती, तर मी तिसऱ्या दिशी गवत कापाया गेले. लोकं काय काय बोलली. म्हणली, हिला मायाच न्हाय."

"मग कधी आलं?"

मला वाटलं होतं त्या सांगतील, अमुक दिवशी, अमुक निमित्ताने बांध फुटला. तसंच ऐकत आलेलो असतो आपण.

"आलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "तसंच ऱ्हायलं ते. पण काय अडलं न्हाय त्याच्यावाचून. पोरगं वाढवलं, रान केलं. माया हुती ती हातानं केली. तू सवताला दोष लावून घिऊ नको."

मी पुढचा शिपाई घेतला. त्या दिवसानंतर मला थोडं सोपं गेलं. वाटायला हवं ते वाटत नाहीये, हे ओझं तरी उतरलं.

माघातल्या एका रविवारी मिलिंदचा तो वसतिगृहातला मित्र, कौस्तुभ, पुण्याहून आला. स्पंजाच्या खणांतून आपली घोडदळाची फौज आणली होती. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरली, खाली पुस्तकं घालून टेकड्या केल्या, ओढ्यातले गोटे मांडले. माझे तयार झालेले भालेवाले पहिल्यांदा मैदानात उतरणार होते. सासूबाई गुळाचा चहा घेऊन आल्या त्या तिथेच थांबल्या.

पहिल्याच धडकेत पुढची रांग गेली. कौस्तुभने फासे टाकले, मिलिंदने टाकले आणि मग पडलेले शिपाई उचलून टेबलाच्या कडेला आडवे ठेवायला लागला.

"त्यास्नी कुठं नेतो?" सासूबाईंनी विचारलं.

"मेले ते आई."

"असं कसं मेले? आत्ता तर हुबे हुते."

"फाशात एक पडला ना."

"म्हंजी नुसता नशिबाचा खेळ?"

कौस्तुभ हसून म्हणाला, "नशीब थोडंच असतं काकू. कुणाला कुठं उभं करायचं, कुणाच्या शेजारी ठेवायचं, त्यावर जास्त असतं."

खेळ जसजसा पुढे सरकत गेला तसतशा सासूबाई कडेला आडव्या पडलेल्या एकेकाला उचलून खिडकीच्या कट्ट्यावर उभं करत गेल्या. मी खेळाकडे बघतच नव्हते. मी खिडकीतल्या रांगेकडे बघत होते. सगळे एकसारखे, एकाच साच्यातले. तरी पाठमोरे असतानाही मला कोण कोणता ते सांगता येत होतं. हा राखेच्या तोंडाचा. ह्याचा पट्टा रिपोर्ट आला तेव्हाचा. ह्याचा दंड जास्त खरवडला गेलाय, तेव्हा बोट कापलं होतं. आम्ही हरलो. कौस्तुभ म्हणाला, "वहिनी, फौज मात्र जबरदस्त झालीये." मी "थँक यू" म्हटलं. मनाशी फक्त नोंद झाली की मला ती पुन्हा खिडकीत बघायला आवडेल. आवडेल हा शब्द खूप दिवसांनी डोक्यात आला होता.

फाल्गुन सरता सरता ट्रॉल्या तुरळक झाल्या. मग एका सकाळी दोरीवरचे कपडे स्वच्छ निघाले. ऊसतोड मजुरांच्या कोप्या, त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, उठल्या, रानात नुसते पाचटाचे ढिगारे राहिले. तुकडी पूर्ण झाली होती. मिलिंद म्हणाला, आता दवाखान्यात जाऊन बस थोडी, नुसती बस. मी गेले.

पहिल्या दिवशी सांगवीचे एक तात्या आले. माझे जुने पेशंट. "डॉक्टरीणबाई, लई वाट बगायला लावली तुमी," म्हणत खुर्चीत बसले आणि आ केला. मी अवजार दातावर फिरवलं. काहीच नाही. हातमोज्यातल्या बोटांत नुसती कापसाची गाठ. टोक अडकलं की घसरलं, मला सांगता येईना. मी शांतपणे उठले, तेजस्विनीला बसायला सांगितलं आणि मागच्या खोलीत अवजारं उकळायच्या यंत्राशेजारी जाऊन उभी राहिले. वाईट वाटायला हवं होतं. यंत्रावरचा दिवा हिरवा होईपर्यंत मी तिथे होते.

पण दुसऱ्या दिवशी परत गेले. दात मोठे करून दाखवणारा भिंगाचा चष्मा मागवला. अवजाराचं टोक किती वाकतं, हिरडी किती पांढरी पडते, ते बघत काम करायला लागले. आधी नुसती तपासणी, मग दात साफ करणं, मग किडलेले सोपे दात भरणं. अंगठ्यात आणि तर्जनीत पावसाळ्यात थोडी जाग आली. आधी झिणझिण्या, मग दुखणं. बाकीची बोटं अजून तशीच आहेत. मुळातल्या नसेचं काम मी सोडलं, ते तेजस्विनी करते आणि चांगलं करते. दात काढायचं कामही मी तिच्याकडेच दिलं होतं.

गेल्या महिन्यात सासूबाईंचा गाल सुजला. खालची मागची दाढ हलत होती, आत पू झाला होता. औषधाने सूज उतरवली आणि मिलिंद त्यांना बारामतीला घेऊन आला. मी त्यांना तेजस्विनीच्या खुर्चीकडे न्यायला लागले, तर त्या मधेच थांबल्या.

"तिच्याकडं न्हाय."

"आई, ती फार छान काढते. कळणार पण नाही तुम्हाला."

"काढू दे की दुसऱ्यांची. माजी तू काढ."

"माझ्या बोटांना अजून नीट कळत नाही आई. मूळ मोडलं तर?"

"तुला कळत नसंल. मला कळतंय न्हवं? दुखलं तर मी वरडीन." आणि त्या माझ्या खुर्चीत जाऊन, चपला काढून, पाय लांब करून बसल्या. मिलिंद दाराशी उभा होता. तेजस्विनीने माझ्याकडे बघितलं, मी एक्स-रेकडे बघितलं. मुळं सरळ होती.

मी इंजेक्शन दिलं. थोडं थांबले. "ओठ जड झाला?"

"झाला. मेल्यागत झाला."

"उजवीकडे टोचतंय का काही?"

"न्हाय. कर तू."

मी चिमटा दाढेवर बसवला. बसला की नाही ते डोळ्यांनी दोनदा बघितलं. मग आत-बाहेर, सावकाश. त्यांनी डोळे मिटले नव्हते, त्या सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बोटांना काही कळत नव्हतं, पण दात जेव्हा हाडातून सुटायला लागतो तेव्हा ते मनगटाला समजतं, कोपराला समजतं. तिथवर केमोचं औषध पोचलं नव्हतं. मनगटाला कळलं. मी किंचित वळवलं आणि दाढ अख्खी, दोन्ही मुळांसकट, चिमट्यात आली. तेजस्विनीने ट्रे पुढे केला. त्यात ती वाजली.

मी कापूस ठेवला, दाबून धरायला सांगितलं. सासूबाईंनी जड ओठाने काहीतरी विचारलं, मला समजलं नाही. मी वाकले. त्यांनी कापूस गालात सारला आणि पुन्हा म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"मंग हात सोड माजा."

माझा डावा हात त्यांच्या मुठीत होता की त्यांचा माझ्या, मला माहीत नव्हतं. बघितलं तर मीच धरला होता, चांगला घट्ट.

मिलिंद त्यांना बाहेर घेऊन गेला. मी हातमोजे काढले, बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि दोन्ही हात पाण्याखाली धरले. पाठीमागे खुर्ची पुसली जात होती, बाहेर पिंपळीच्या एका बाईंचं नाव पुकारलं गेलं.

"तेजस्विनी," मी विचारलं, "पाणी गरम आहे का गार?"

ती आली, माझ्या हातांशेजारी तिने आपलं बोट धरलं.

"कोमट आहे मॅडम."

मी हात पुसले आणि नवे मोजे घातले.